काटेसाहेबांचं गुप्त कडं

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात त्यांनी अख्खी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली, म्हणून लोक त्यांना काट्यांचे साहेब म्हणू लागले आणि बोलता बोलता त्याचं काटेसाहेब झालं. दारावरच्या पाटीवर खरं आडनाव ठळक अक्षरांत होतं. कुरियरवाला ते वाचायचा, परत खाली उतरायचा आणि विचारायचा, "काटेसाहेब कुठे राहतात?"

नोकरीत माणूस भलताच कडक. काटा केसभर हलला तरी नापास. स्वतःच्या मामेभावाच्या दुकानातला तराजूही त्यांनी नापास केला होता आणि त्याच दिवशी त्याच्याच घरी जेवायला गेले होते. मामेभावाने वाढलं, पण आग्रह केला नाही. साहेबांना त्याचं वाईट वाटलं नाही. मापात बसेल तेवढंच जेवावं, असं त्यांचं मतच होतं.

त्यांच्या पत्नी अगदी उलट स्वभावाच्या. इमारतीतली पोरंबाळं त्यांना फोटोकाकू म्हणायची. कुणाला पासपोर्टचा फोटो हवा, कुणाचं बाळ पहिल्यांदा उभं राहिलं, कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांचा 'एक चांगलासा असू दे घरात' म्हणून फोटो काढायचा असला, की काकू कॅमेरा गळ्यात अडकवून निघायच्या. त्यांच्याकडे एक जुनी, जडशीळ लेन्स होती. हाताने कडं फिरवून फोकस करायची. कड्यावरचं रबर त्यांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. लेकीने नवा कॅमेरा पाठवला, त्याच्याबरोबर आपोआप फोकस करणारी लेन्सही आली, पण काकूंचं तिच्याशी पटलं नाही.

"मी बाळाकडे बघते आणि ही बया मागच्या पडद्याकडे बघते," काकू म्हणायच्या. "फोटो मी काढायचा आणि काय बघायचं ते हिने ठरवायचं होय?"

मग त्यांनी नव्या कॅमेऱ्याला जोडकडं लावून आपली जुनी लेन्सच चढवली आणि संसार पुन्हा सुरळीत झाला.

एक दिवस काकू म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलीय."

साहेबांनी ओळंबा आणला. चौकटीला लावला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि निकाल दिला, "चौकट पास आहे."

"मला वाकडी दिसतेय."

"ओळंबा खोटं बोलत नाही."

ओळंबा खरंच खोटं बोलत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोठं यंत्र लावून पाहिलं आणि सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतो आहे. कडेकडेचं दिसत राहील. मधलं हळूहळू जाईल. इंजेक्शनं देऊ, वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही.

"फोकस करता येईल का मला?" काकूंनी विचारलं.

"उन्हात जाताना टोपी घालत जा," डॉक्टर म्हणाले. बाहेर बरीच गर्दी होती.

त्या दिवसापासून काटेसाहेबांनी जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं. नवा कॅमेरा आतल्या आत लेन्सला सारखा सांगत असतो, 'अजून पुढे, अजून मागे, हां, बस्स.' जुन्या लेन्सला ती भाषा येत नाही. मग ती भाषा काकूंच्या बोटालाच शिकवली तर? कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये एक नवं कडं बसवायचं. फोकस जवळ येत जाईल तसं ते बोटाखाली जोरात थरथरेल आणि नेमका लागला की एकदम शांत होईल. तराजूचा काटा मधोमध येऊन थांबतो तसा. साहेब जन्मभर ज्या काट्याकडे डोळे लावून बसले, तो काकूंनी आता बोटांनी बघायचा, एवढाच फरक.

कल्पना साधी, पण घराने तिची किंमत मोजली. टेबलावरच्या प्लास्टिकला वायरींना डाग देण्याच्या तापल्या सळईने भोक पडलं. थरथरणारी चिमुकली मोटर लेकीच्या जुन्या मोबाइलमधून काढायची होती, ती काढताना मोबाइल गेला. वायर कमी पडली म्हणून दाराच्या बेलची घेतली. नंतर बरेच दिवस पाहुणे दार वाजवून वाजवून निघून जायचे आणि साहेब म्हणायचे, "हल्ली कुणी येत नाही आपल्याकडे." कॅमेऱ्यातल्या सगळ्या सूचना एकदा कुठल्याशा परक्या भाषेत गेल्या. त्या परत आणायचा मार्गही त्याच भाषेत लिहिलेला होता.

पण झालं. एका दुपारी कडं झालं. काकूंनी गॅलरीतून कॅमेरा कुंपणावरच्या मांजराकडे धरला, हळूहळू लेन्सचं कडं फिरवलं आणि एकदम ओरडल्या, "अहो, बोटाला कळतंय! आता जवळ आलं... आता... थांबलं!"

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "मिशा मोजता येतील," ते म्हणाले. काकूंना मिशा दिसल्या नाहीत, पण त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मांजर आवाजाने पळालं.

इथे गोष्ट संपली असती, तर सगळ्यांचंच बरं झालं असतं. पण नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे नोटरीकाका पेपर परत द्यायला आले. नोटरीकाका नोटरी नव्हते. एका नोटरीच्या ऑफिसबाहेर टायपिंगचं टेबल टाकून बसायचे. आत शिकलेल्याला जेवढं ठाऊक असतं, त्याच्या दुप्पट बाहेर बसलेल्याला ठाऊक असतं, अशी त्यांची श्रद्धा होती. बेल वाजली नाही म्हणून ते सरळ आतच आले.

त्यांनी कडं हातात घेतलं, वजन अजमावलं आणि आवाज खाली आणला. "पेटंट घेतलंत?"

"नाही बुवा."

"कुणाला दाखवलंत?"

"हिला. आणि आता तुम्हाला."

"माझी काळजी नाही. मी म्हणजे विहीर. पण यापुढे ब्र काढू नका! ही वस्तू चारचौघांत दिसली की संपलं, नवेपण गेलं, पेटंट गेलं. उद्या कुठलीतरी बडी कंपनी हेच कडं काढेल आणि तुम्ही दुकानाच्या काचेला नाक लावून बघत बसाल. वहिनी, रागावू नका, पण पेटंट हातात पडेपर्यंत हा कॅमेरा घराबाहेर काय, गॅलरीतही न्यायचा नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, मी काय कडं काढून दाखवणार आहे का कुणाला?"

"चोराची नजर तुम्हाला ठाऊक नाही," नोटरीकाका म्हणाले. कुंपणावर मांजर परत येऊन बसलं होतं, त्याच्याकडेही त्यांनी संशयाने पाहिलं.

काटेसाहेबांना ते पटलं. खरं सांगायचं तर ते सुखावलेच. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू तपासलेल्या माणसाच्या हातून पहिल्यांदाच जगाने चोरावी अशी वस्तू घडली होती. त्यांनी कडं, कॅमेरा आणि लेन्स लोखंडी कपाटात, जाड पांघरुणांच्या मागे ठेवली आणि किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. रोज सदरा बदलताना किल्ली एका खिशातून दुसऱ्या खिशात जायची. हा सोहळा ते इतक्या गंभीरपणे करत, की काकू तेवढा वेळ बोलणं थांबवत.

अर्ज त्यांनी स्वतःच केला. वकील किंवा एजंट नेमायचा नाही, कारण नोटरीकाकांच्या मते पहिला चोर तोच. अर्जात एक अट विचित्र होती: आपला दावा एकाच वाक्यात लिहायचा. साहेबांनी लिहायला घेतलं. 'एक कडे, ज्यास यापुढे सदर कडे असे संबोधले जाईल, जे कॅमेरा व लेन्स यांच्या दरम्यान बसते, आणि ज्यामध्ये...' या 'ज्यामध्ये'मध्ये ते आठवडेच्या आठवडे अडकून पडले. वाक्य वाढत वाढत दुसऱ्या पानावर गेलं. त्यात कंस आले, कंसात कंस आले. संध्याकाळी ते काकूंना वाचून दाखवत आणि मध्येच विचारत, "क्रियापद आलं का?"

"अजून नाही. मी भाजी चिरून येते, तोवर येईल," काकू म्हणत.

आकृत्या काढल्या, तर त्या परत आल्या, समास कमी सोडला म्हणून. समास वाढवला, तर आकृतीत शब्द लिहिले आहेत म्हणून परत आल्या. शब्द काढले, तर बाण कुठे जातात ते कळत नाही म्हणून पुन्हा परत. ज्या माणसाने पारड्यावरच्या एका पोच्यापायी तराजू नापास केले होते, तो आता समासापायी नापास होत होता. मामेभावाच्या कानावर हे गेलं, तेव्हा तो मुद्दाम भेटायला आला, बराच वेळ बसला, तब्येतीची फार आपुलकीने चौकशी केली आणि जाताना जिन्यात मोठ्यांदा हसला.

शेवटी अर्ज दाखल झाला, त्यावर तारीख पडली आणि तो रांगेत लागला. रांग केवढी, ते कुणी सांगत नव्हतं.

दरम्यान तिसऱ्या मजल्यावरचं बाळ बसायला लागलं. काकू म्हणाल्या, "अहो, आज जरा काढू का कॅमेरा? बाळाच्या आईने विचारलंय."

"थोडं थांब गं. अर्ज चालू आहे."

बाळ रांगायला लागलं. काकूंनी पुन्हा विचारलं. अर्ज चालूच होता. बाळ चालायला लागलं, तेव्हाही अर्ज चालूच होता. पुढे बाळ शाळेच्या गणवेशात जिना उतरताना दिसलं आणि तोवर काकूंनी विचारणं सोडलं होतं. साहेबांना वाटलं, हिला गुप्ततेचं महत्त्व पटलं.

मग परीक्षण अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी अशी कडी फार पूर्वी, लांबच्या देशांत होऊन गेली आहेत. सोबत जुन्या पेटंटच्या प्रती होत्या. एका प्रतीतली आकृती साहेबांनी पाहिली आणि ते मटकन खुर्चीत बसले. कुणा अनोळखी माणसाने, साहेब शाळेत पाढे पाठ करत होते त्या काळात, जवळजवळ हेच कडं काढून ठेवलं होतं. समासही भरपूर सोडला होता.

पण साहेबांना खरा घाव बसला तो खालच्या ओळीने. 'अर्जदाराची कल्पना त्या क्षेत्रातील सामान्य जाणकार व्यक्तीस सहज सुचण्याजोगी आहे.'

"कोण हा जाणकार?" साहेब घरभर फिरू लागले. "नाव नाही, पत्ता नाही! याला सहज सुचतं! याचं टेबल जळलं का? याच्या घरची बेल बंद पडली का?"

"त्याला एकदा बोलवा घरी," काकू कोचावरून म्हणाल्या. "आपला गीझर कधीचा बिघडलाय. त्याला सहज सुचेल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या जाणकाराशी वैरच धरलं. जेवताना, दाढी करताना, त्याला काय उत्तर द्यायचं याचाच विचार. इंजेक्शनसाठी काकूंना दवाखान्यात न्यायचे, तेव्हाही जुन्या पेटंटचे कागद बरोबर असायचे. एकदा नर्सने काकूंचं नाव पुकारलं. साहेब लाल पेनाने कसलीशी ओळ अधोरेखित करत होते. काकूंनी क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःच उठल्या आणि नर्सच्या पांढऱ्या बाहीच्या अंदाजाने चालू लागल्या. दाराशी त्यांचा खांदा चौकटीला लागला. साहेबांनी आवाजाने वर पाहिलं, तेव्हा दार बंद झालेलं होतं.

सुनावणीची तारीख मिळाली. काकू म्हणाल्या, "मीही येते. एवढं काय चाललंय ते ऐकते तरी."

पेटंट कार्यालयातली खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, फायलींनी भरलेलं कपाट आणि मान एका बाजूला वळवून बसलेला पंखा. परीक्षकबाई तरुण होत्या, आवाज बसलेला होता. साहेब त्या जाणकाराशी दोन हात करायच्या तयारीने आले होते. तो काही आला नव्हता.

"तुमचं कडं मी नीट वाचलं," परीक्षकबाई म्हणाल्या. "वाक्य फार मोठं आहे, पण वाचलं. जुन्या पेटंटमध्ये कडं आहे, मोटर आहे, फोकसचा इशाराही आहे. पण तो इशारा दिवा लावून किंवा आवाज करून. बोटाखाली वाढत जाणारा थरथराट आणि नेमक्या जागी एकदम शांतता, हे कुणी केलेलं नाही. बाकीचा दावा सोडा, एवढ्यापुरता करा. मग माझी हरकत राहणार नाही."

साहेबांना ते कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे... त्या जाणकाराला हे सुचलं नाही?"

"नाही सुचलं," परीक्षकबाई हसल्या. "आणखी एक. डोळे अधू असलेल्यांना याचा उपयोग होतो, असं तुम्ही म्हटलंय. कुणी वापरून पाहिल्याचे दोन शब्द जोडता येतील का?"

"वापरलेलं नाही कुणी. कपाटात आहे."

"कधीपासून?"

"अर्ज केला त्याच्याही आधीपासून. गुप्त ठेवायचं असतं ना."

परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ते अर्ज करेपर्यंत. अर्जावर एकदा तारीख पडली की तुमचा हक्क त्या तारखेपासून धरला जातो. नंतर तुम्ही ते चौकात नेऊन दाखवलं असतं तरी बिघडलं नसतं. ते लपवून ठेवायची काही गरजच नव्हती."

पंखा घरघरत राहिला.

साहेबांनी पत्नीकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांचा हात टेबलावरून चाचपत आला, आधी एका फायलीवर पडला, मग साहेबांच्या मनगटावर.

"बाई, जरा हळू सांगा यांना," काकू म्हणाल्या. "रक्तदाब आहे."

दोघं बसने घरी परतली. जिन्यात नोटरीकाका उभे होते. "काय, जिंकलो का आपण?" साहेब त्यांना काहीतरी जबरदस्त बोलणार होते. शब्द ओठांशी आलेही. पण ते नुसते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही," आणि वर गेले. कपाटाची किल्ली नोटरीकाकांच्या नाही, त्यांच्या स्वतःच्या खिशात होती.

चपला न काढताच त्यांनी कपाट उघडलं. पांघरुणांना कुबट वास येत होता. कॅमेरा मेलेला होता. बॅटरी चार्जिंगला लावावी लागली. एवढं झाल्यावरही थांबावंच लागत होतं, म्हणून साहेब त्या बॅटरीच्या लाल दिव्यासमोर खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात त्यांनी लेन्स उजेडात धरली. आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, पांढरी बुरशी पसरली होती. बंद जागेत, दमट हवेत, वर्षानुवर्षं काच ठेवली की दुसरं काय होणार? कुठल्याही सामान्य जाणकाराला हे सहज सुचलं असतं.

"आणा इकडे," काकू म्हणाल्या.

"अगं, पण भिंगाला..."

"आणा तर खरं. तुम्ही खिडकीशी बसा."

संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. काकूंनी कॅमेरा हातात घेतला आणि त्यांची बोटं झिजलेल्या रबरावर आपोआप जाऊन बसली. तेवढ्या भागात काही बदललं नव्हतं. "बोला काहीतरी," त्या म्हणाल्या. "कुठे आहात ते कळू दे."

"इथे आहे."

"अजून बोला."

एवढी वर्षं उत्तरं लिहिणाऱ्या माणसाला काही सुचेना. "इथे आहे गं," ते परत म्हणाले.

काकूंनी कडं फिरवलं. थरथराट त्यांच्या बोटाखाली वाढत गेला, साहेबांना खुर्चीपर्यंत ऐकू आला आणि एकदम थांबला. खट्कन फोटो निघाला.

"कसा आलाय?"

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. खोटं पास करायची त्यांना सवय नव्हती. "धूसर आलाय. बुरशी लागलीय लेन्सला. मधोमध नुसता पांढरा ढग आहे. चेहरा नाहीच. कडेला एक कान आहे आणि खिडकीचा गज."

"मग मला दिसतं तस्संच आलंय की," काकू म्हणाल्या.

साहेब कॅमेरा धरून उभे राहिले. त्या जाणकाराला काय दिसतं, काय सुचतं, याचा त्यांनी इतका विचार केला होता. हिला काय दिसतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"मला सांगशील?" ते हळूच म्हणाले. "नक्की कसं दिसतं तुला?"

काकू म्हणाल्या, "समोर बघितलं की समोरचं पुसून जातं. तुमच्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं. म्हणून मी हल्ली तुमच्याशी बोलताना भिंतीकडे बघते. मग कडेने तुम्ही दिसता थोडे. तुम्हाला वाटत असेल, मी रुसलेय."

"वाटायचं," साहेब म्हणाले. "मला वाटायचं, फोटो काढू देत नाही म्हणून."

"तोही राग होताच. नव्हता असं नाही."

साहेबांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. मग खुर्ची उचलून काकूंच्या समोरून बाजूला नेली आणि तिच्यावर बसले.

"इथे?"

"अजून जरा मागे."

ते सरकले.

"हां. आता थोडे पुढे. थांबा." काकू भिंतीकडे बघत होत्या. "आता आलात. हलू नका."

साहेब हलले नाहीत.